दुसरा शब्द

"नाम, सर?" काउंटरमागच्या मुलीने विचारलं, आणि मानस वाबळेने सवयीने सांगितलं, "विवेक." तिने कागदी पेल्यावर तसं लिहिलं आणि तो बाजूला सरकला. यात काही खोटं बोलण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. कॉफी हातात पडेपर्यंतच्या वेळात माणसाने कोणतं नाव वापरलं, याने कुणाचं काय बिघडतं? हॉटेलात टेबल राखताना तो विवेक असे, कुरिअरवाल्याच्या फोनवर राजेश असे, केस कापायला जाई तिथे तर त्याला वर्षानुवर्षं शर्माजी म्हणत, आणि आता तो खुलासा करण्याची वेळही निघून गेली होती. आज फक्त एवढंच झालं की "विवेक सर, आपकी कॉफी" अशी हाक आली, तो पुढे झाला, वळला, तर मागे मधुरिमा उभी होती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात मोबाइल. तिने पेल्यावरचं नाव वाचलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "सर, हे विवेक कोण?" "अरे, अपन रोज नवीन नावाने पितो," तो लगेच म्हणाला, "सीआयडीवाले पीछे लगे हैं." ती हसली. त्याच्या विनोदांना ऑफिसात सगळेच हसत, त्यात विशेष काही नव्हतं. पण लिफ्टमध्ये दोघं शेजारी उभे राहिले तेव्हा तिने पुन्हा एकदा पेल्याकडे पाहिलं, आणि मानसने तो हातात असा फिरवला की अक्षरं तळव्याकडे जावीत. पेला गरम होता. तळवा भाजत होता, तरी सातव्या मजल्यापर्यंत त्याने हात बदलला नाही.

तो तोतरा होता. हा शब्द त्याने स्वतःबद्दल कधी मोठ्याने उच्चारला नव्हता, आणि ज्यांच्याबरोबर त्याचं आयुष्य गेलं त्यांच्यापैकीही कुणी उच्चारला नसता, कारण कुणाला ते माहीतच नव्हतं. तोतऱ्या माणसाबद्दल लोकांची जी कल्पना असते, अक्षरं ठेचकाळत बोलणारा, सिनेमात हशा पिकवणारा, तसा तो कधी दिसलाच नाही. त्याचं अडणं बिनआवाजाचं होतं. 'म' आला की पुष्कळदा ओठ मिटत आणि उघडत नसत; नावाच्या सुरुवातीला तर हटकून. आत शब्द तयार असे, श्वास तयार असे, आणि मध्ये ओठांचं दार कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं घट्ट. म्हणून लहानपणीच केव्हातरी तो पुढचं पाहून बोलायला शिकला. रस्त्यावरचा खड्डा गाडीवाल्याला लांबूनच दिसावा तसा वाक्यातला अवघड शब्द त्याला दोन-चार शब्द आधीच दिसे आणि तो अलगद वळण घेई. या कामी इंदूर गावाने त्याला फार मदत केली. दुसऱ्या एखाद्या गावात, जिथे माणसं एकाच भाषेत सरळ बोलतात, तिथे तो कदाचित पकडला गेला असता. इथे मराठी घरांतून निम्मं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं आणि मध्ये इंग्रजी येऊन जातं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. 'मदत' अडली की 'हेल्प' होती, 'मुश्किल' अडलं की 'अवघड' होतं, 'मी' अडला तर साऱ्या गावाचं 'अपन' होतंच. लोक म्हणत, वाबळेसाहेब तिन्ही भाषांत काय फर्राटेदार बोलतात! कंपनीने त्याला इंदूर शाखेचा प्रमुख केला तेव्हा पुण्याच्या मोठ्या साहेबांनी हेच म्हटलं होतं, तुमच्या बोलण्यात एक सहजता आहे. मानसने मान लववून आभार मानले होते. त्या सहजतेपायी आपण दिवसाकाठी किती दमतो, हे त्याला स्वतःलाही नीट ठाऊक नसावं. संध्याकाळी राजेंद्र नगरच्या घरी परतला की तो बराच वेळ नुसता बसून राही, आणि ऋजुता, त्याची बायको, समजे की ऑफिसात काम फार आहे. हॉटेलात गेलं की पदार्थ तीच सांगे. नवरा आपल्या आवडीला मान देतो, असं ती माहेरी कौतुकाने सांगत असे.

नावांचं मात्र काही करता येत नाही. नावाला दुसरा शब्द नसतो. मानसच्या लहानपणी बड्या गणपतीजवळच्या त्यांच्या जुन्या भाड्याच्या घरात दसऱ्याला तलवारीची पूजा व्हायची. पूर्वज कुणी होळकरांच्या पागेत होता. घोडी गेली, पागा गेली, पोरं कारकून झाली, पण तलवार राहिली. आजोबा अप्पासाहेब ती पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत, आणि मग घरातल्या प्रत्येक पोराने पुढे होऊन आपलं नाव, बापाचं, आजोबांचं, असं करत दक्षिणेतून पहिल्यांदा इथे आलेल्या त्या स्वारापर्यंत सगळी नावं मोठ्याने घ्यायची. "आवाज छातीतून आला पाहिजे," अप्पासाहेब म्हणत, "तुम्ही कोण आहात हे तिला कळू द्या." तिला म्हणजे तलवारीला. एका वर्षी चुलतभाऊ उन्मेषने धडाधड नावं घेतली. मग मानस पुढे झाला आणि ओठ मिटले. झेंडूचा वास येत होता. कुणीतरी खोकलं. बायकांकडून "घे ना रे बाळा" असं आलं. आणि मग ते मिटलेलं दार एकदम उघडलं, कारण त्याने आत दुसराच शब्द ठेवला होता. "उन्मेष," तो म्हणाला, आणि पुढची सगळी नावं, वडिलांपासून स्वारापर्यंत, एका दमात म्हणून गेला. घरभर हशा. अप्पासाहेब हसले नाहीत. "स्वतःचं नाव विसरलास?" त्यांनी विचारलं. मानसने थोडा विचार केला आणि मान हलवली. हो, विसरलो. त्या दिवसापासून तो घरात विसरभोळा ठरला. पुढच्या दसऱ्याला त्याच्या पोटात दुखलं, त्याच्या पुढच्या दसऱ्याला त्याची कसलीशी परीक्षा होती. विसरभोळा म्हणवून घेणं सोपं होतं. त्यात कुणी वाट पाहत उभं राहत नाही.

आता सातव्या मजल्यावर, आपल्या काचेच्या खोलीत, तो कॉफी न पिता बसला होता आणि त्याच्यासमोरच्या पडद्यावर एक मेल अर्धवट लिहून ठेवलेली होती. कंपनी औषधांच्या वाटपाचं काम पाही. कुठल्या गावच्या दवाखान्याला काय हवं, कुठल्या गाडीत काय चढवायचं, हे सगळं ठरवणारी प्रणाली त्याच्या माणसांनी नव्याने लिहिली होती आणि ती सोमवारी सुरू व्हायची होती. त्यासाठी नवा गट होणार होता, त्याला प्रमुख हवा होता, आणि तो कोण, हे आज दुपारच्या सगळ्यांच्या बैठकीत जाहीर करायचं होतं. मेलमध्ये देवांशचं नाव होतं. देवांश चांगला मुलगा होता, हुशार, हसतमुख, पुण्याच्या लोकांशी इंग्रजीत छान बोलणारा. मेलमध्ये तशी कारणंही लिहिली होती आणि ती खोटी नव्हती. पण प्रणालीची तपासणी पाहणारी मधुरिमा ते काम त्याच्याहून खोल जाणत होती, कुठे काय तुटेल हे तिला आधी कळत असे, आणि अडलेली मंडळी शेवटी तिच्याच टेबलाशी जात, हे साऱ्या मजल्याला ठाऊक होतं. मानसलाही. मग देवांश का? गेले काही दिवस तो स्वतःला सांगत होता की देवांशचा स्वभाव मोकळा आहे, मधुरिमा जरा तुटक वागते. आज लिफ्टमध्ये, हात भाजत असताना, त्याला एकदम दिसलं होतं की तिला आपण कधी नावाने हाक मारलेलीच नाही. तिला तो 'टेस्टिंग' म्हणे. "टेस्टिंगचं काय म्हणणं?" "अरे, टेस्टिंगला विचारा." देवांश म्हणे, अंकुर म्हणे, श्रिया म्हणे, आणि तिला तिच्या खात्याच्या नावाने. मग ती तुटक वागत होती की तिला कुणी तोडलं होतं? आणि रोज दहा वेळा जिचं नाव घ्यावं लागेल अशा जागी तिला बसवायचं नाही, एवढंच त्या साऱ्या कारणांच्या खाली होतं की काय? हे खरं असेल यावर त्याचा विश्वास बसेना. इतकं क्षुल्लक कारण! एखादं मोठं कारण असतं, मत्सर, जात, पैसा, तर माणसाला निदान स्वतःशी भांडता आलं असतं. त्याने खोलीचं दार बंद आहे ना हे पाहिलं आणि हळूच म्हणून पाहिलं, "मधुरिमा." सहज आलं. एकटं असलं की नेहमीच सहज येतं. त्याने मेलमधलं नाव बदललं आणि ती पुण्याला पाठवून दिली. लिहिताना काही अडत नाही.

बैठकीला खोली भरली होती. जागा नसलेले भिंतीला टेकून उभे होते, भोपाळचे आणि घरून काम करणारे मोठ्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत बसले होते. मानसने सुरुवात नेहमीसारखीच केली. कुणाच्या तरी नव्या बुलेटवरून चिमटा काढला, हशा झाला. सोमवारची तयारी विचारली, तर प्रत्येकाने आपापलं सांगितलं: झालं सर, ऑलमोस्ट झालं सर, हो जाएगा भिया. वाक्यं गुळगुळीत होती. ऐकता ऐकता मानसला चमत्कारिक वाटलं, कारण ही चाल त्याच्या ओळखीची होती. अवघड जागा लांबून पाहून वळण घेणाऱ्या माणसाची चाल. हे सगळे काय माझ्यासारखेच अडतात? की माझ्याकडूनच शिकले? पण हा विचार धरून बसायला वेळ नव्हता, कारण पुढचा खड्डा आता समोर होता आणि या वेळी बाजूने रस्ता नव्हता. "तर नव्या गटाचं काम जी व्यक्ती पाहील," तो म्हणाला. "ती व्यक्ती म्हणजे आपली," तो म्हणाला, आणि ओठ मिटले.

बाहेरून पाहणाऱ्याला ते किती वेळ वाटलं असेल कोण जाणे. आतून त्याला सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. वातानुकूलन यंत्राची घरघर, श्रियाच्या हातातल्या पेनाचं टोपण, देवांशचा अर्धवट तयार झालेला नम्र चेहरा; त्याला बहुधा वाटत होतं की आपलंच नाव येतंय. लोकांना आधी गंमत वाटली. साहेब उत्सुकता ताणतायत. कुणीतरी टेबलावर बोटांनी ढोल वाजवला. मग ढोल थांबला. जबडा दुखायला लागला होता. 'टेस्टिंग' हा शब्द जिभेवर आयता उभा होता, म्हणायचा अवकाश. "आपली टेस्टिंग!" टाळ्या पडल्या असत्या आणि निभावून गेलं असतं. तेवढ्यात पडद्यावरून अंकुरचा आवाज आला. तो भोपाळला होता. "सर, आवाज नहीं आ रही. विडिओपण फ्रीझ झालाय. नेटवर्क का लोचा दिखता है." दुसऱ्या एका चौकोनातून कुणी म्हणालं, "हाँ भिया, इधर भी अटक गया." खोलीत एकदम सैल हालचाल झाली, कुणी लॅपटॉपकडे वाकलं, कुणी राउटरची तार पाहायला उठलं. मानसच्या ओठांवरचा दाब गेला. नेहमी असाच जातो, शब्द सोडून दिला की. आयुष्यात त्याला एवढी सुंदर पळवाट कुणी दिली नव्हती, आणि तीही न मागता. फक्त "हो का, देखो जरा" एवढंच म्हणायचं होतं.

"नेटवर्क बरोबर आहे," मानस म्हणाला. तार हातात धरून एक जण तसाच वाकून राहिला. "अपन... नाही. मी अटकलोय. मी तोतरा आहे. लहानपणापासून. मला म," आणि तिथे तो पुन्हा अडला, आणि या वेळी त्याने शब्द बदलला नाही, नुसता अडून राहिला, ओठ मिटलेले, मान किंचित पुढे आलेली. तो कसा दिसतो हे त्याने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. आता साठ-सत्तर माणसं पाहत होती. "म... म... मला म-ने सुरू होणारी नावं घेता येत नाहीत. माझं स्वतःचंसुद्धा. आता मी ते नाव घेणार आहे. वेळ लागेल. कुणी मदत करू नका." कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं, असं त्याला क्षणभर वाटलं. त्या शांततेचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. "नव्या गटाची प्रमुख म," तो म्हणाला, "म... म..." एका उभ्या मुलाने नकळत स्वतःचे ओठ हलवले आणि शेजारणीने त्याला कोपर मारलं. "मधुरिमा."

टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा आणि बेताच्या. देवांशने सगळ्यांच्या आधी वाजवल्या, हे मानसने पाहिलं. मधुरिमा दाराजवळ उभी होती. ती पुढे आली नाही, हसली नाही, थँक यू म्हणाली नाही. टाळ्या थांबल्यावर म्हणाली, "सर, मग मीपण एक सांगते. सोमवारी नाही होणार."

"काय?"

"सोमवारचं. सगळे हो म्हणाले, मीपण मगाशी हो म्हणाले. पण लहान गावांच्या ऑर्डर मधूनच गळून पडतात. रोज नाही पडत. काल मनावर गावची... मनावरजवळच्या एका दवाखान्याची इन्सुलिनची ऑर्डर चाचणीत गायबच झाली. का झाली ते मला अजून पता नाही."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतकं छान बोलता, सर," ती म्हणाली, "मध्ये असं काही बोलायला जागाच नसते."

पडद्यावरून अंकुरने घसा खाकरला. "सर, वो... गाड़ीवाला हिस्सा माझाही पूर्ण नाहीये. म्हटलं संडेला बसून कर लेंगे." मग श्रियाने पेनाचं टोपण लावत काहीतरी सांगितलं, मग आणखी एकाने. हे सगळं कुणी धीट होऊन सांगत होतं असं नव्हे. चाचरत, खाली बघत, एकमेकांच्या वाक्यांवर आपटत सांगत होते. मानस ऐकत होता. आपली शाखा इतकी वाईट बोलताना त्याने कधी ऐकली नव्हती, आणि सोमवारी औषधांच्या गाड्या निघाल्या असत्या तर काय झालं असतं हे त्याला पहिल्यांदाच नीट कळत होतं.

बैठक उठली तशी ती त्याच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं, बसली नाही. "आभार मानायला नाही आले मी," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. सकाळपर्यंत कुणाचं नाव होतं?"

"देवांशचं."

"का?"

पुष्कळ उत्तरं होती. अनुभव, पुण्याचा संपर्क, स्वभाव. सगळी सोप्या अक्षरांची. "तुमचं नाव मला घेता येत नव्हतं म्हणून," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच. त्याहून मोठं काही नाही."

ती एकदम हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "सर, मी दोन वर्षं घरी जाऊन विचार करायचे, माझ्यात काय कमी आहे. आई म्हणायची, तू ताडकन बोलतेस, गोड बोलायला शिक. मी शिकले, सर. मगाशी बघितलंत ना, कसं गोड हो म्हणाले? आणि दुसरीकडे इंटरव्ह्यूपण देऊन आलेय मी. पुढच्या हप्त्यात उत्तर येईल."

मानसने मान हलवली. जाऊ नका असं म्हणावंसं त्याला वाटलं, पण ते म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही हे ठरेना. खरं सांगितलं म्हणजे समोरच्याने लगेच माफ करावं, असा काही सौदा झालेला नव्हता. खोलीत मघाची कॉफी गार होऊन पडली होती. आपल्याला हलकं वाटायला हवं, असं त्याला वाटलं. पण वाटत होतं ते एवढंच की चेहरा उघडा पडलाय, दाढी केल्यावर गालाला वारा लागतो तसा. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पुण्याहून मोठे साहेब. मेल पोचली असणार, किंवा सोमवारचं कुणीतरी कळवलं असणार.

"मी बोलू?" मधुरिमाने विचारलं. आवाजात राग तसाच होता, तरी तिने विचारलं. "सोमवार नको म्हणून सांगायचंय ना? सांगते मी. तुम्हाला उगीच त्रास."

"नको." फोन वाजत होता. "तुम्ही बसा. काय गळतंय ते तुम्हालाच सांगावं लागेल. पण आधी मी बोलतो. अडलो तर वाक्य पुरं करू नका."

तिने खुर्ची ओढली, जरा लांबच, आणि बसली. त्याने फोन उचलला आणि आवाज खोलीत ऐकू येईल असा केला. "वाबळे, क्या चल रहा है भई?" साहेबांचा आवाज नेहमीसारखा प्रसन्न होता. "सोमवार पक्का ना? इथे सगळ्यांना सांगून बसलोय मी." सोमवार पक्का नाही, हे कानाला न टोचता सांगण्याचे किती तरी मार्ग मानसला लांबून दिसत होते. थोडं फाइन ट्यूनिंग. थोडा बफर. एकाही वाक्यात अवघड अक्षर नव्हतं आणि एकाही वाक्यात कुणाचं नाव नव्हतं.

"पक्का नाही," तो म्हणाला. "औषधांच्या ऑर्डर गळतायत. हे आम्हाला दाखवलं ते म," आणि ओठ मिटले.

"हॅलो?" साहेब म्हणाले. "हॅलो, वाबळे? आवाज गेला का?"

मधुरिमा टेबलाच्या कडेकडे पाहत होती. तिचे हात मांडीवर होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते, त्याच्यासारखेच. तिने शब्द पुरवला नाही.

"हॅलो?"

"आहे," मानस म्हणाला. "बोलतोय." आणि तो पुन्हा त्या नावाशी गेला.